गावच्या शिळेवर नुसता आकडा आहे, नावं कुठून काढायची?

जगबुडीकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण आधी हकीकत सांगितल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आमचा गाव खेड तालुक्यात, जिल्हा रत्नागिरी. मी मुंबईत बसच्या डेपोत रोकड विभागात ३१ वर्षं काढली. आता निवृत्त, राहायला नालासोपाऱ्याला, आणि गावच्या मुंबई मंडळाचा खजिनदार. बेरीज जुळली नाही की मला झोप लागत नाही. ही खोड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गावच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीत बसवलेली एक संगमरवरी शिळा होती. दीड फूट रुंद, फूटभर उंच. तिच्याखाली आम्ही चपला काढायचो. वर इंग्रजीत कोरलेलं, आणि आमचे गुरुजी चौथीच्या पोरांकडून ते घोकून घ्यायचे. अर्थ असा, की या गावातून ५७ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही. पोरं त्या आकड्यावर क्रिकेटच्या धावा मोजायची: "सत्तावन्नला चार आऊट." गुरुजींनी ऐकलं त्या दिवशी सगळ्यांना छड्या मिळाल्या. तेव्हा वाटलं, एवढं काय चिडायचं!

गेल्या वर्षी शाळा नव्याने बांधायला काढली. जुनी भिंत पाडली, शिळा काढून मुतारीच्या मागे टेकवून ठेवली. मी शिमग्याला गेलो तेव्हा गवंड्याने तिच्यावर सिमेंट कालवून झालं होतं. डाव्या बाजूचा कोपरा उडाला आहे. त्यावर दरवर्षी २६ जानेवारीला कुणीतरी हौसेने मारलेल्या लाल ऑइलपेंटचे थर. मी भांडलो, शिळा उचलून देवळात नेऊन ठेवली.

आता मंडळाने ठरवलं आहे की सहाणेजवळ, म्हणजे पालखी टेकते त्या जागेजवळ, चौथरा बांधायचा, शिळा त्यात बसवायची आणि शेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सगळ्यांची नावं घालायची. वर्गणी घरटी ५००. इथवर सगळं झकास.

घोडं अडलंय ते नावांवर. वाडीवाडीतून विचारून यादी केली, ती ३१ वर थांबली. मेलेल्या चौघांपैकी एकाचंच नाव कळलं, तेही त्यांच्या घरात अजून पितृपक्षात "बसऱ्यास गेलेल्याचं" वेगळं पान वाढतात म्हणून. म्हणजे २६ माणसं बेपत्ता. मीटिंगमध्ये एकाने तोडगा काढला: "आहेत ती नावं घाला, आणि जुनी शिळा लावूच नका. मग कोण मोजायला बसलंय?" दुसरे म्हणाले, वर्गणी दिलेल्या घरांचीच नावं घ्या. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो.

तर विचारायचं हे:
नावं शोधायची जागा कुठली? तहसीलमध्ये मिळेल का?
आणि त्या शिळेवरचा रंग कसा काढू? आमचा पेंटर म्हणतो अ‍ॅसिड मारतो, पाच मिनिटांत लख्ख.

---

हवालदार_क्लार्क_नि

जगबुडीकाठचा साहेब, राम राम. पलटणीच्या ऑफिसात २४ वर्षं कागदच चिवडले, म्हणून लिहितो.

आधी मेलेले चार. त्यांचं काम तुलनेने सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, १९१७ सालची. तिच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नोंद फुकट शोधता येते. नावाने शोधू नका, हात हलवत परत याल. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. 'धोंडू' चार प्रकारे सापडेल, आणि आडनाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं नाव. पण बऱ्याच नोंदींच्या शेवटी 'अमुकाचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा' असं असतं. गावाच्या नावाने शोधा, स्पेलिंग उलटसुलट करून. आणि सांभाळा, खेड पुण्याचाही आहे, आताचं राजगुरूनगर. रत्नागिरी लिहिलंय का ते बघितल्याशिवाय आनंदाने उड्या मारू नका. आमच्या एका नातेवाइकाने राजगुरूनगरच्या माणसाला आपला पणजोबा करून फोटोला हार घातला होता.

त्या काळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ आजच्या इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आपल्यातले कितीतरी जण ते तोंडात घालेनात, आणि उपासमारीने, स्कर्व्हीने गेले. शरण आले ते सुमारे १३ हजार, त्यांतले बहुतेक हिंदुस्थानी. पुढे तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती पडले त्याला गणती नाही. 'बसऱ्यास गेला' म्हणजे या सगळ्या मुलुखात गेला असं समजा. गावात मेसोपोटेमिया कोण म्हणणार?

आता तुमच्या शिळेवर नावं नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बसऱ्याचं मोठं स्मारक आहे, कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचं. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलं, आपल्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये त्या कमिशनने स्वतःच अहवाल काढून अशा भेदभावाची कबुली दिली. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र आपल्या ४,७०० हून अधिक लोकांची नावं आहेत. तीही यादी बघा.

जिवंत परत आलेले ५३ मात्र अवघड. पंजाबातल्या भरतीच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या, त्या संगणकावर चढवल्या. मुंबई इलाख्याचं तसलं घबाड हाताशी नाही. तुम्हाला घराघरांतूनच काढावं लागेल. पदकं विचारा. पदकाच्या कडेवर, जाडीत, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन जा. चांदीचं असेल तर शिपायाचं. त्याच पदकाची ब्राँझची आवृत्ती मजूर तुकड्यांना दिली होती. चांदीची बरीचशी सोनाराच्या मुशीत गेली, पण ब्राँझला भाव नव्हता, म्हणून ती टिकली.

आणि चौघांच्या घरी आणखी एक गोष्ट मिळू शकते. मेलेल्याच्या वारसाला एक गोल ब्राँझची चकती पाठवत. १२ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढी. एक बाई हातात हार घेऊन उभी, पायाशी सिंह, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. नुसतं नाव, हुद्दा नाही. शिपाई असो की कर्नल, सारखंच.

तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायला हरकत नाही, पण ती जन्म-मृत्यूची वही. बसऱ्यात मेला तो तिथे सापडेलच असं नाही. दिल्लीच्या नव्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही शोधू नका, तिथे स्वातंत्र्यानंतरचे आहेत.

---

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हे लोक इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांसाठी लढले. दुसऱ्याचं साम्राज्य राखायला गेलेल्यांचा चौथरा सहाणेजवळ, पालखीच्या वाटेवर? कारगिलमधला कुणी असेल तर बांधा, मी स्वतः १,००१ देतो.

---

सातारी_कंदी

स्पष्टवक्ते, १९१८ मध्ये गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरत होते. ते हिशेब आज एवढे सरळ नका करू. आणि त्या पोरांना साम्राज्य कुठलं माहीत होतं? भात चार महिने पुरायचं, उरलेले आठ महिने खायचं काय हा प्रश्न होता. आमच्याकडे सातारा तालुक्यात अपशिंगे गाव आहे, त्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावच्या ४६ जणांनी प्राण दिले. त्याचं स्मारक गावात आहे आणि त्याच गावातली पोरं पुढे प्रत्येक लढाईत होती. तिथे जाऊन कुणाला विचारून बघा, इंग्रजांचे का म्हणून. नीट उत्तर मिळेल!

काका, पेंटरला आधी त्या शिळेपासून लांब करा. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमचा दगडच विरघळतोय. लख्ख दिसेल खरं, पण अक्षरांच्या कडा जातील. तारेचा ब्रशही नको, पॉलिश पेपरही नको. आमच्या वाड्यातल्या दगडावरचा ऑइलपेंट आम्ही पेंट काढायच्या जेलने काढला. आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर लावून बघा, मग मऊ ब्रश, बांबूची काडी आणि साधं पाणी. सिमेंटचे पोपडे लाकडी पाचरीने हळूहळू. अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर तिथे टोकदार काही घालू नका, शिसं निघून येतं. आठवडा लागेल. लागू दे. शंभर वर्षं थांबलाच आहे तो.

पुसट अक्षरं वाचायला रात्री जा. दिवा बंद, आणि बॅटरी समोरून न मारता अगदी कडेने, दगडाला घासून धरा. दिवसा न दिसलेलं सगळं उठून दिसतं.

---

खाडीवाली

जगबुडीकाठचा भाऊ, मोहल्ल्यात विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये वाड्या आहेत, मोहल्ला दिसला नाही. आमची माणसं दाभोळ, बाणकोट, सगळ्या खाड्यांतून बोटीवर जायची. महायुद्धात माल आणि सैनिक नेणाऱ्या बोटी बुडाल्या, त्यांत खाली कोळसा टाकणारे आपलेच. मुंबईला मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात त्यांचं स्मारक आहे, समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक जणांचं. तेसुद्धा त्याच कमिशनच्या यादीत सापडतात. सरकारने तुमच्या ५७ मध्ये त्यांना धरलं असेल का ते सांगता यायचं नाही, पण विचारायला काय जातंय.

---

मंडणगडकर

खाडीवालीताईंनी मोहल्ल्याचं विचारलं, मी बौद्धवाडीचं विचारतो.

आमच्या भागात शिपाईगिरी ही आमच्या समाजाची जुनी वाट. दापोलीला पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार, मूळ गाव आंबडवे, आमच्याच तालुक्यात. मग १८९० च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. कुणी ऐकलं नाही. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ मध्ये मोडली. आत्ताची महार रेजिमेंट १९४१ ची.

काका, तुमचा ३१ चा आकडा कुठल्या कुठल्या वाडीतून आला, तेवढं लिहाल का? गैरसमज नको, नुसतं विचारतोय.

---

जगबुडीकाठचा

मंडणगडकर, तुमचा प्रश्न वाचला आणि वही काढली. मधली वाडी १४, वरची वाडी ९, खोतवाडी ३, सुतारवाडी ५. संपलं. बौद्धवाडीत कुणी गेलंच नव्हतं. मोहल्ल्यातही नाही. यादी करणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. ३१ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या गावाची दोन पानं उलटायची राहिली.

शनिवारी रात्रीची गाडी पकडतो. कळवतो.

---

जगबुडीकाठचा

मंडळी, उशीर झाला, गावात रेंज नाही. आता पनवेलच्या पुढे लिहायला बसलोय.

आधी शिळेचं. पेंटरला चहा पाजून घरी पाठवला. जेल आणि काडी घेऊन मी आणि भाच्याचा मुलगा, तीन दिवस. लालच्या खाली निळा निघाला, निळ्याच्या खाली चुना. रात्री बॅटरी कडेने धरली (सातारी कंदी, शंभर नमस्कार) आणि चाराच्या आकड्यापाशी दगड किंचित खोल लागला. बोटाने कळतं. तिथे आधी दुसरा आकडा होता, तो घासून चार केला आहे. आधी तीन असावा. शिळा कोरून आल्यावर आणखी एकाची बातमी आली असेल, किंवा कुणाच्या तरी घरच्याने जाऊन भांडण केलं असेल. मला हे दुसरं जास्त पटतं.

मोहल्ल्यात ७ नावं मिळाली, दोघांच्या घरी बोटीवरच्या नोकरीची जुनी पुस्तिका आहे. बुडालेला कुणी नाही.

बौद्धवाडीत मी सकाळी गेलो. आधी कुणी काही बोलेना. एक जण म्हणाला, "शंभर वर्षांनी वर्गणी कमी पडली वाटतं." ऐकून घेतलं, काय बोलणार. मग त्यांच्याच पोरांनी बसून यादी सांगायला सुरुवात केली: हा सुभेदाराचा पणतू, त्याच्या घराला अजून 'जमादाराचं घर' म्हणतात, तिकडच्या विहिरीचे पैसे पेन्शनीतून आले. ११ नावं. पदकं तीन, त्यांतली दोन ब्राँझची. कडेवरचं भिंगाने वाचलं, हवालदारसाहेब म्हणाले तसं नंबरासकट.

शेवटच्या घरी एक आजी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना काही माहीत नव्हतं. सुनेने चहा टाकला आणि चुलीपाशी मिठाच्या मडक्यावरचं झाकण उचललं. काळंकुट्ट, गोल, जाड. माझी बशी हातातच राहिली. म्हटलं, वहिनी, ते जरा बघू. मिठाने कडा हिरव्या पडल्यात. राखेने थोडं पुसलं तर आधी सिंहाची पाठ आली, मग बाई, मग उजवीकडे चौकट. अक्षरं बोटाला लागतात. आजी म्हणाल्या, "सासूबाय सांगायची, ह्या झाकणाखाली मीठ कधी सरू द्यायचं नाय. का ते नाय सांगितलान." पोराने नाव वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "ह्या नावाचा आमच्यात कोण नाय." मग बऱ्याच वेळाने, "मामंजींचा थोरला भाऊस होता एक. लहानपणी वारला म्हणत."

मी ते विकत वगैरे मागितलं नाही. फोटो काढला, वजन बघितलं, परत मडक्यावर ठेवलं. सुनेने मडकं चुलीपासून लांब, कपाटावर ठेवलं.

तर आता बेरीज: ३१ अधिक ७ अधिक ११, झाले ४९. राहिले ८. मेलेल्यांत दोन नावं झाली.

मीटिंग तिथेच देवळात घेतली, या वेळी सगळ्या वाड्यांची आणि मोहल्ल्याचीही. ठरलं असं, की वर्गणीचा आणि नावाचा संबंध नाही. जुनी शिळा मध्ये, तुटक्या कोपऱ्यासकट. ग्रॅनाइटवर नावं वाडीवार नाहीत, सरसकट बाराखडीने. मी म्हटलं ओळी ५७ पाडायच्या. जी नावं मिळाली नाहीत त्या ओळी कोऱ्या. कारागीर म्हणाला, कोऱ्या ओळीचे पैसे घेत नाही. स्पष्टवक्ते, तुमचे १,००१ मागत नाही, पण पालखीला या.

हवालदारसाहेब, चकतीवरच्या नावाने कमिशनच्या यादीत शोधलं तर पाच जण येतात, गाव एकाच्याही पुढे नाही. दोन बसऱ्याच्या यादीत, एक फ्रान्सला, दोन पुण्याला खडकीत. यातला आपला कसा ओळखायचा?

---

हवालदार_क्लार्क_नि

साहेब, खडकीचे दोन आधी बाजूला काढू नका. १९१८ च्या तापाच्या साथीत छावणीतच कितीतरी गेले, आणि त्यांच्याही घरी चकती गेली. पाचही नोंदींत बापाचं नाव दिलंय का ते बघा. असेल तर आजींना त्यांच्या आजेसासऱ्याचं नाव विचारा, म्हणजे मामंजींच्या वडिलांचं. घरातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असू शकतं, दोन्ही विचारा. चकतीबरोबर पुठ्ठ्याचं पाकीट यायचं, ते उरलं असायची आशा नको. तरी कपाटावर काय काय आहे ते सुनेला बघू द्या, तुम्ही नका चढू.

---

जगबुडीकाठचा

बापाचं नाव पाचांपैकी तिघांना आहे. आजींना फोन लावला, पण त्या सासऱ्यांचंच नाव घेत नाहीत, आजेसासऱ्यांचं तर विचारूच नका. सून म्हणाली, नातवाकडून कागदावर लिहवून घेते आणि उद्या पाठवते.